‘नक्कल’ या आरोपाची उलटतपासणी : ब्लॅक मेटल, ब्लॅकगेझ आणि शुद्ध उगमाची दंतकथा

१/
जून २०१३. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवन या बँडचा ‘सनबेदर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठ गुलाबी. त्यावर ना काळोखे अरण्य, ना उलटा क्रूस, ना रंग फासलेले प्रेतवत चेहरे. समीक्षकांनी त्याला ‘अपूर्व’ ठरवले. ब्लॅक मेटलच्या जुन्या श्रोत्यांनी ‘नक्कल’. दहा वर्षे उलटून गेली तरी हा खटला निकाली निघालेला नाही. या थ्रेडचे म्हणणे असे, की दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे आहेत आणि ती चूक कानाची नसून इतिहासाच्या आकलनाची आहे.

२/
आधी संज्ञा स्पष्ट व्हाव्यात. ब्लॅक मेटल : अतिवेगवान ड्रम, सतत थरथरणारी गिटार, किंकाळीसारखा स्वर, मुद्दाम राखलेले ओबडधोबड ध्वनिमुद्रण. त्याची ॲटमॉस्फेरिक शाखा आघातापेक्षा वातावरणाला महत्त्व देते. रचना लांबलचक, पुनरावृत्ती भरपूर. शूगेझ : १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बहरलेला गिटारसंगीताचा प्रकार. मंचावर मान खाली घालून पायाशी मांडलेल्या पेडलांकडे पाहत वाजवणाऱ्यांना थट्टेने मिळालेले हे नाव. ब्लॅक मेटल आणि शूगेझ यांच्या संकराला ब्लॅकगेझ म्हणतात.

३/
आरोपपत्रात तीन कलमे आहेत. पहिले : ब्लॅक मेटलचा उगम नॉर्वेत झाला, तो शुद्ध होता आणि ब्लॅकगेझने तो भ्रष्ट केला. दुसरे : फ्रान्सच्या आल्सेस्त या बँडने शूगेझची उसनवारी केली. तिसरे : डेफहेवनने आल्सेस्तची उसनवारी केली, म्हणजे ती उसन्याची उसनवारी. तिन्ही कलमे ऐकायला ठाम वाटतात. कालक्रम मांडून पाहिला की एकेक ढासळू लागते.

४/
पहिल्या कलमापासून सुरुवात करू. ‘ब्लॅक मेटल’ हे नावच नॉर्वेचे नाही. ते इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२च्या अल्बमचे शीर्षक आहे. त्या ध्वनीला आजचे ओळखीचे रूप दिले ते स्वीडनच्या बाथरीने. १९८४चा पहिला अल्बम आणि १९८७चा ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’ हे त्याचे टप्पे. स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्ट यांचा वाटा वेगळाच. नॉर्वेतील मंडळी ही सारी सामग्री ऐकत मोठी झाली.

५/
वेशभूषा तरी नॉर्वेची असेल? तीही पूर्णपणे नाही. ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते शहरातल्या सार्कोफागो या बँडचा ‘आय.एन.आर.आय.’ हा अल्बम १९८७चा. अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे आणि रंगवलेले चेहरे त्याच्या मुखपृष्ठावरच दिसतात. नॉर्वेच्या मेहेम बँडचा सूत्रधार युरोनिमस याला या अवताराचे विलक्षण आकर्षण होते. ज्याला पुढे ‘उत्तरेच्या हिमभूमीचा आत्मा’ म्हटले गेले, त्याचा एक धागा असा विषुववृत्ताच्या दक्षिणेला पोहोचतो.

६/
मग ‘वातावरण’ तरी नंतर मिसळलेली भेसळ ठरते का? मेहेमचे ‘डेथक्रश’ १९८७ साली आले. त्याची सुरुवात ज्या वाद्यरचनेने होते, ती कॉनराड श्निट्झलर यांची आहे. श्निट्झलर हे टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या पहिल्या अल्बममध्ये सहभागी असलेले, प्रयोगशील संगीताचे ज्येष्ठ प्रवर्तक. युरोनिमस थेट बर्लिनला त्यांच्या दारी गेला आणि ती रचना घेऊन आला. म्हणजे नॉर्वेजियन ब्लॅक मेटलच्या उंबरठ्यावरच एक जर्मन प्रयोगकर्ता बसलेला आहे. संकर हा या परंपरेचा पाया आहे. त्याला पुढची विकृती म्हणता येत नाही.

७/
नॉर्वेने नवीन काहीच केले नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. युरोनिमस आणि थॉर्न्स बँडचा स्नोरे रूख यांनी गिटार वाजवण्याची रीत बदलली. तळवा टेकवून तारेचा आवाज छाटण्याऐवजी त्यांनी पूर्ण स्वरसंघात मोकळे घुमू दिले आणि त्यातील विसंवादी स्वर जाणीवपूर्वक उघडे ठेवले. डार्कथ्रोनच्या फेनरिझने या शैलीचे श्रेय देताना तिची मुळे बाथरीत असल्याचेही नोंदवले आहे. प्रवर्तकांच्या पिढीला आपले ऋण ठाऊक होते. ते विसरले ते भक्त.

८/
दुसऱ्या कलमाकडे वळण्याआधी बाथरीपाशी क्षणभर थांबायला हवे. बाथरीचा सर्वेसर्वा क्वॉर्थॉन अखेरपर्यंत सांगत राहिला, की व्हेनमचा आपल्यावर प्रभाव नव्हता; आपला ध्वनी घडला तेव्हा आपण ते ऐकलेही नव्हते. बाथरीच्या स्थापनेपासूनच्या साथीदारांनी मात्र याच्या उलट साक्ष दिली. साम्य कोणाच्याही कानाला जाणवण्याइतके ढळढळीत आहे. तरीही कोणी बाथरीला ‘व्हेनमची नक्कल’ म्हणून मोडीत काढत नाही. ते योग्यच आहे. प्रश्न इतकाच, की हे औदार्य पुढच्या पिढीच्या वाट्याला का येत नाही?

९/
आता आल्सेस्त. दक्षिण फ्रान्समधील किशोरवयीन नेज याने २००० साली हा प्रकल्प सुरू केला. २००१चा पहिला डेमो कच्च्या ब्लॅक मेटलचा. २००५च्या ‘ल सक्रे’ने दिशा बदलली आणि २००७च्या ‘सुव्हनीर दँ नोत्र मोंद’मध्ये किंकाळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या. थरथरती गिटार उरली, पण तिच्यावर कोवळा, अस्फुट गाता आवाज आला. बालपणी दिसणाऱ्या एका परक्या, प्रकाशमय जगाच्या स्मृती आपण स्वरांत उतरवत होतो आणि शूगेझ तेव्हा आपल्या परिचयाचे नव्हते, असे नेज सांगत आला आहे.

१०/
या साक्षीचे काय करावे? कलावंताचे स्वतःविषयीचे निवेदन हा पुरावा असतो, निकाल नसतो. क्वॉर्थॉनच्या बाबतीत साथीदारांची साक्ष विरुद्ध गेली, म्हणून त्याचे म्हणणे जपून घ्यावे लागते. नेजच्या बाबतीत मात्र कालक्रमच त्याच्या बाजूने बोलतो. स्लोडाइव्ह या शूगेझ बँडच्या नील हॉल्स्टेडचा आवाज आल्सेस्तच्या अल्बमात येतो तो २०१४च्या ‘शेल्टर’मध्ये आणि त्या अल्बमात मेटल जवळपास उरलेले नाही. आधी साम्य, मग ओळख, मग उघड सहवास : असा हा क्रम आहे. उसनवारीची पावले सहसा उलट्या दिशेने पडतात.

११/
पण न ऐकता साम्य येतेच कसे? उत्तर ध्वनीच्या गुणधर्मांत आहे. तार अतिवेगाने छेडत राहिली की सुटे आघात विरघळून एक अखंड नाद होतो. डिस्टॉर्शन त्या नादातील उपस्वर फुगवते. रिव्हर्ब उरल्यासुरल्या फटी बुजवते. ड्रम इतके वेगाने वाजतात की कान ते मोजणे सोडून देतो. मग वेगवान संगीत चक्क संथ भासू लागते आणि स्वरसंघात ढगांसारखे सरकतात. ब्लॅक मेटल या अवस्थेला वेगाच्या वाटेने पोहोचले. शूगेझ तिथेच गिटारचा ट्रेमोलो दांडा, उलटा रिव्हर्ब आणि प्रचंड आवाज यांच्या वाटेने पोहोचले.

१२/
दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून पाहावीत. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’साठी १९८९ ते १९९१ या काळात तब्बल १९ स्टुडिओ पालथे घातले गेले. बुरझुमचे ‘फिलोसोफेम’ १९९३ साली ध्वनिमुद्रित झाले आणि १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात गिटारसाठी घरगुती स्टिरिओचा ॲम्प्लिफायर वापरला होता आणि आवाजासाठी मुद्दाम मागून घेतलेला सर्वांत निकृष्ट मायक्रोफोन. एकीकडे उधळपट्टी, दुसरीकडे हट्टाने पत्करलेले दारिद्र्य. पण दोन्हीकडे तेच धुके. हे समजण्यासाठी एकाने दुसऱ्याचे ऐकले होते, असे मानण्याची गरजच पडत नाही.

१३/
‘सौंदर्य’ ब्लॅक मेटलमध्ये बाहेरून घुसवले गेले, या समजालाही नॉर्वेच उत्तर देते. उल्वरचा ‘बेर्गटाट’ १९९५चा. डोंगराने भुलवून नेलेल्या मुलीची लोककथा, अकौस्टिक गिटार, बासरी, प्रार्थनेसारखे सामूहिक गायन आणि मधूनच उसळणारे वादळ. आल्सेस्तच्या पहिल्या पूर्ण अल्बमच्या १२ वर्षे आधी हे सारे घडून गेले होते. शुद्धतावादी ‘बेर्गटाट’ला अभिजात मानतात आणि त्याच गुणांसाठी ब्लॅकगेझला नरम ठरवतात. एकाच वस्तूला दोन भाव लावणारा हा तराजू आहे.

१४/
तिसरे कलम : डेफहेवन म्हणजे आल्सेस्तची नक्कल. नक्कल करणारा सहसा मूळ लपवतो. इथे काय दिसते? ‘सनबेदर’मधील ‘प्लीज रिमेंबर’ या तुकड्यात मिलान कुंदेराच्या कादंबरीतील उतारा वाचणारा आवाज खुद्द नेजचा आहे. बँडच्या नावातील दोन शब्द शेक्सपिअरच्या २९व्या सुनीतातून आले आणि ते जोडून लिहिले गेले ते स्लोडाइव्हच्या नावाच्या धर्तीवर. ऋणपत्र दारावरच टांगलेले असताना चोरीची तक्रार टिकत नाही.

१५/
ऋण मान्य केल्याने नावीन्य आपोआप सिद्ध होत नाही, हेही खरे. ते वेगळे शोधावे लागते. आल्सेस्तची ओढ हरवलेल्या, या जगापलीकडच्या प्रदेशाची आहे. नॉर्वेच्या पहिल्या पिढीची ओढ ख्रिस्तपूर्व, मध्ययुगीन, निर्मनुष्य भूमीची. ‘सनबेदर’ची ओढ कशाची? शीर्षकामागची घटना जॉर्ज क्लार्कने सांगितलेली आहे. एका श्रीमंत वस्तीतून जाताना हिरवळीवर ऊन खात पहुडलेली एक तरुणी त्याला दिसली. क्लार्क आणि केरी मॅककॉय दोघेही कॅलिफोर्नियातील मोडेस्टो गावचे, तंगीत वाढलेले.

१६/
इथे बदल घडला. ज्या किंकाळीने सैतानाला आणि हिमवादळाला साद घातली होती, ती आता स्वतःच्या मालकीच्या घरासाठी, सुखवस्तू जगण्यासाठी, त्या जगण्याचा हेवा वाटल्याच्या शरमेसाठी उठू लागली. गुलाबी रंग हा म्हणूनच सोवळे मोडण्याचा पोरखेळ ठरत नाही. मिटलेल्या पापण्यांवर ऊन पडले की आत दिसणारा तो रंग आहे. साधने जुनी, त्यांना दिलेले काम नवे. परंपरेत मौलिकतेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो आणि तो पुरेसा आहे.

१७/
आता ‘अपूर्व’ म्हणणाऱ्यांचाही हिशोब व्हावा. त्यांचे अज्ञान शुद्धतावाद्यांच्या अहंकाराइतकेच घातक आहे. सॅन फ्रान्सिस्कोतच वीकलिंग नावाच्या बँडने १९९८ साली ‘डेड ॲज ड्रीम्स’ ध्वनिमुद्रित केला. पाच रचना, सव्वा तासाहून अधिक कालावधी. २००० साली एका छोट्या कंपनीने तो प्रसिद्ध केला तोवर बँड विसर्जित झाला होता. अमेरिकी ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलचा हा पायाचा दगड. २०१३च्या स्तुतिलेखांत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

१८/
वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपियाचे वीव्हर बंधू २००३पासून वुल्व्ज इन द थ्रोन रूम चालवत होते; २००७चा ‘टू हंटर्स’ त्यांचा महत्त्वाचा टप्पा. पोर्टलंडच्या अगॅलॉकने २००२च्या ‘द मँटल’मध्ये लोकसंगीत आणि पोस्ट-रॉक आधीच मिसळले होते. न्यूयॉर्कच्या लिटर्जी बँडच्या हंट-हेंड्रिक्सने २००९ साली ‘ट्रान्सेंडेंटल ब्लॅक मेटल’ हा जाहीरनामा वाचून अमेरिकी प्रतिपक्षच मांडला. एवढी गर्दी ज्या वाटेवर होती, तिथे एकालाच पहिला प्रवासी ठरवणे म्हणजे इतरांच्या पाऊलखुणा पुसणे.

१९/
पण सावध राहणे आवश्यक आहे. वीकलिंग आणि डेफहेवन एकाच शहरातले, म्हणून पहिल्याने दुसऱ्याला घडवले, असा निष्कर्ष निघत नाही. ‘आधी झाले, म्हणून कारण झाले’ हा इतिहासलेखनातील सर्वांत जुना सापळा. डेफहेवनच्या ध्वनीत स्क्रीमो आणि पोस्ट-रॉक यांचे संस्कार स्पष्ट ऐकू येतात आणि ते दुसऱ्याच वाटेने आलेले आहेत. वंशवृक्ष काढणाऱ्याला सरळ खोड हवे असते. संगीताची वाढ वडासारखी होते : पारंब्या जमिनीत उतरतात, त्यांचीच खोडे होतात, आणि मूळ खोड कोणते हे कालांतराने सांगता येत नाही.

२०/
शुद्धतावाद्यांचे एक म्हणणे मात्र मान्य करायलाच हवे. ‘सनबेदर’नंतर साचेबंद ब्लॅकगेझ उदंड झाले. संथ गिटारची प्रस्तावना, मग ड्रमचा कोसळ, मग उजळता शेवट, सारे ठरल्याप्रमाणे. घोस्ट बाथ हा बँड तर चीनचा म्हणून वावरत होता; तो अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातला निघाला. म्हणजे नक्कल असतेच. पण १९९० च्या दशकात अरण्याच्या धूसर छायाचित्रामागे तोच साचा गिरवणारेही थोडे नव्हते. साचेबंदपणा हा शैलीचा दोष नव्हे. तो शैलीच्या यशाची किंमत आहे.

२१/
मग या जुन्या भांडणाला आज एवढे महत्त्व का? कारण या परंपरेत ‘शुद्ध’ हा शब्द कधीच निरागस नव्हता. १९९४ साली आलेल्या डार्कथ्रोनच्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या मूळ आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ या अर्थाचे शब्द छापलेले होते. पुढच्याच वर्षी ‘पान्झरफाउस्ट’मध्ये आपला बँड नाझी वा राजकीय नसल्याचा खुलासा बँडला छापावा लागला. बुरझुमच्या व्हिकर्नेसला त्याच १९९४ साली युरोनिमसचा खून आणि चर्चची जाळपोळ यांसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. वंशवादाचा प्रचार त्याने पुढेही केला.

२२/
ध्वनीच्या शुद्धतेपासून रक्ताच्या शुद्धतेपर्यंतची पायरी इतकी लहान होती. ‘खरे ब्लॅक मेटल फक्त उत्तरेचे’ असे म्हणणारा प्रत्येक श्रोता वंशवादी नसतो; पण व्हेनमचे इंग्रजपण, सार्कोफागोचे ब्राझीलपण आणि श्निट्झलरचे प्रयोगशील बर्लिन पुसून टाकल्यावर जो रिकामा, पांढराशुभ्र उगम उरतो, तो वंशवाद्यांना आयता मिळतो. खोटा वंशवृक्ष दुरुस्त करणे हे म्हणूनच चाहत्यांचे किरकोळ भांडण नाही.

२३/
आणि ब्लॅकगेझ तरी निष्कलंक आहे काय? नेज तरुणपणी पेस्त न्वार या फ्रेंच बँडमध्ये वाजवत होता आणि त्या बँडचे अतिउजवे राजकारण जगजाहीर आहे. ‘जुने ते मलिन, नवे ते निर्मळ’ ही मांडणीही शुद्धतेचीच दुसरी बाजू ठरते. इतिहासाने दोन्ही बाजूंची नोंद सारख्याच शाईने करावी. कोणाच्या सुंदर स्वरांपोटी त्याचा भूतकाळ वगळू नये आणि कोणाच्या भूतकाळापोटी त्याच्या स्वरांचा परिणाम नाकारू नये.

२४/
‘अमुक हे तमुकची नक्कल आहे’ असे कोणी म्हटले, की चार प्रश्न विचारावेत. एक, कालक्रम जुळतो का? दोन, मूळ कृती तिथवर पोहोचली होती याचा पुरावा आहे का? तीन, साम्य दोघांच्या समान साधनांतून किंवा समान पूर्वजातून येऊ शकते का? चार, उसने घेतलेल्या गोष्टीला नवे काम मिळाले का? पहिल्या दोहोंची उत्तरे ‘होय’ आणि शेवटच्या दोहोंची ‘नाही’ आली, तरच नक्कल हा शब्द वापरावा. आल्सेस्त तिसऱ्या प्रश्नावर सुटते, डेफहेवन चौथ्यावर.

२५/
ज्याला हा वाद कानांनी सोडवायचा असेल, त्याने ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’, ‘लव्हलेस’, ‘बेर्गटाट’, ‘फिलोसोफेम’, ‘डेड ॲज ड्रीम्स’, ‘सुव्हनीर दँ नोत्र मोंद’ आणि ‘सनबेदर’ याच क्रमाने ऐकावेत. ‘पहिला कोण’ हा प्रश्न चौथ्या अल्बमच्या आसपासच निरर्थक वाटू लागेल. पुढे कानावर येत राहील ती एक थरथरती तार, देशोदेशीच्या हातांतून फिरलेली आणि प्रत्येक हाताने थोडी वेगळी लावलेली.